यंत्राची खोड, पाण्याची ओढ

कामानिमित्त हॉलंडला गेलेली आपली मंडळी सुट्टीच्या दिवशी ॲमस्टरडॅम गाठतात. कालवे, संग्रहालयं, आणि मोसम असेल तर ट्युलिपच्या बागा. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे रॉटरडॅमला होते. मधले दोन्ही शनिवार-रविवार मी त्याच शहरात, एकाच नदीच्या काठाने घालवले. माझ्याजवळ एक यादी होती, आणि ती खरेदीची नव्हती. माझ्या मामाच्या वहीतली दोन पानं फोटो काढून मी मोबाइलमध्ये ठेवली होती. जहाज चालवण्याच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये त्याला सापडलेल्या तेवीस चुका त्यात लिहिलेल्या होत्या.

मामा डिचोली तालुक्यातला. विशीत खलाशी म्हणून बार्जवर चढला आणि मास्टर होऊन उतरला. खाणींकडच्या जेटीवर लोहखनिज भरायचं, मांडवीतून खाली यायचं आणि मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांपाशी न्यायचं, हे त्याचं आयुष्य. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो, म्हणून तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. तो अरुंद, वळणावळणाचा कालवा मामाला तळहातासारखा पाठ. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. दुसऱ्या वेळी मामा घरी बसला तो बसलाच. नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण तो तिकडे फिरकेना.

चवथीला घरी गेले तेव्हा मी माझा जुना लॅपटॉप त्याला दिला आणि त्यात तो गेम टाकून दिला. गेममध्ये रॉटरडॅमचं बंदर होतं. टग चालवायची, मालवाहू जहाज धक्क्याला लावायचं, प्रवासी बोट वेळेत पोचवायची. मामाने पहिल्या दिवशी फक्त पाहिलं. आठवड्याभरात मामीचा फोन आला, "बाय, हा रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कोणाशी भांडतो गं?"

तो गेमशीच भांडत होता. धक्क्याला शांत बांधलेलं जहाज अचानक थरथरायचं आणि फुटबॉलसारखं हवेत उडायचं. समोरून येणारं जहाज पुलाच्या आरपार निघून जायचं. लाट यायची आणि पाणी थेट सुकाण्याच्या खोलीत दिसायचं, तरी जमीन कोरडी. टगला हाक मारावी तर ती जागची हलायची नाही. मामाने बार्जवरच्या सवयीने वही काढली. तारीख, वेळ, कोणतं जहाज, वेग किती, मी काय केलं, काय झालं. आमच्या ऑफिसात नव्या मुलांकडून असं नीट लिहून घ्यायला महिने जातात!

वहीत त्याने दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'यंत्राची खोड' आणि दुसऱ्यावर 'पाण्याची ओढ'. गेममध्ये जे विचित्र घडेल ते तो या दोनपैकी एका रकान्यात टाकायचा. नवखी पोरं ज्याला सरसकट बग म्हणतात, त्यातलं बरंचसं मामाच्या मते पाण्याचा खरा स्वभाव होता.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. सहा आठवड्यांच्या खेळात त्याने मिळवलेला कप्तानाचा हुद्दा ज्या फाइलमध्ये जतन होता, ती एका रात्री उघडेनाच. त्याआधीच्या रात्री एका ठरावीक धक्क्याला जहाज लावताना गेमने त्याला सात वेळा नापास केलं होतं. दरवेळी तोच संदेश, जहाज आदळलं. फाइल गेल्याचं त्याला फारसं दुःख झालं नाही. मला फोनवर तो म्हणाला, "फाइल जाऊ दे गं. पण त्या धक्क्याला जहाज मी हळूच लावलं होतं. की माझा हातच गेलाय आता?"

नवव्या क्रमांकाची ती नोंद त्याने कुठल्याच रकान्यात टाकली नव्हती. लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला.

"गेमच तर आहे, त्यात एवढं काय," असं घरातले म्हणाले. पण मी सॉफ्टवेअरमध्येच काम करते, आणि मला यात वेगळाच त्रास दिसतो. बग आहे म्हणून खेळ अडतो, हा त्रास लहान. चूक आपली की यंत्राची हेच कळेनासं होतं, हा मोठा. कळलं नाही तर माणूस शिकू शकत नाही. नवखा सगळा दोष गेमवर ढकलतो, आणि जाणता स्वतःवर शंका घ्यायला लागतो. बत्तीस वर्षं नदीत काढलेल्या माणसाच्या मनात एका सदोष प्रोग्रामने तशी शंका घातली होती. म्हणून रॉटरडॅमचं काम निघालं तेव्हा मी मामाकडून ती दोन पानं मागून घेतली. तो म्हणाला, "जातेसच तर बघून ये. खरं काय, खोटं काय."

पहिल्या शनिवारी एरास्मस पुलाजवळून सुटणारी स्पिडोची बंदर-फेरी घेतली. सव्वा तासाची सफर. पूल १९९६ चा, ८०२ मीटर लांब. एका बाजूला झुकलेला एकच पांढरा खांब आणि त्याला ताणलेल्या तारा, म्हणून लोक त्याला हंस म्हणतात. पुलाचा दक्षिणेकडचा तुकडा उंच जहाजांसाठी वर उचलला जातो. गेममध्ये जहाजं याच पुलाच्या आरपार जायची. ती नोंद क्रमांक दोन, आणि तिचं उत्तर सोपं आहे. आपण चालवतो ते जहाज गेम पूर्ण गणित मांडून हलवतो. बाकीची जहाजं खर्च वाचवण्यासाठी आखून दिलेल्या रेषेवरून नुसती सरकवली जातात, आगगाडी रुळावरून जावी तशी. रेषेला पूल ठाऊक नसतो. यंत्राची खोड.

नोंद क्रमांक पाच अशी : 'भरती-ओहोटी नाही. पाणी एकाच दिशेला.' सफरीत मी मुद्दाम एका बोयाकडे पाहत राहिले. पाणी बोयाला वळसा घालून शहराकडे चढत होतं. उत्तर समुद्र इथून तीसेक किलोमीटर दूर आहे, पण मध्ये कुठेही पाणी अडवणारा बंद दरवाजा नसल्याने भरती थेट शहरात येते. मांडवीसारखीच. पणजीच्या जेटीवर उभं राहून ज्यांनी संध्याकाळचं पाणी उलटं चढताना पाहिलंय, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. मामाचं म्हणणं खरं होतं. गेममधली नदी फक्त दिसायला नदी होती.

दुपारी विल्हेल्मिना धक्क्यावर गेले. तिथल्या टोकाला हॉटेल न्यूयॉर्क आहे. एके काळी हॉलंड-अमेरिका लाइन या जहाज कंपनीची ती कचेरी होती, आणि याच धक्क्यावरून हजारो लोक कायमचे अमेरिकेला गेले. आता आत कॉफी मिळते, बाहेर लोक ऊन खात बसतात. मी मात्र दोर बांधायचे लोखंडी खुंट बघत बसले. तिथे एक जहाज बांधलेलं होतं. लाट आली की दोर ताणायचा, किंचित चरचरायचा, सैल पडायचा. मामाच्या वहीतलं बांधलेलं जहाज हवेत का उडायचं, ते इथे बसून नीट सांगता येतं. गेम एका सेकंदात ठरावीक वेळाच हिशेब करतो, समजा पन्नास वेळा. दोन हिशेबांच्या मध्ये जहाज जरा जास्त सरकलं, की गणितातला कडक दोर त्याला गरजेपेक्षा जोरात मागे खेचतो. पुढच्या हिशेबात ते पलीकडे जातं, मग आणखी जोरात खेचलं जातं. झोका थांबण्याऐवजी वाढत जातो आणि जहाज उडतं. खऱ्या दोराला हिशेबाची वाट पाहावी लागत नाही.

थरथरण्याचं कारण वेगळं. बहुतेक गेम जागा मोजायला जे आकडे वापरतात, त्यांत साधारण सातच अंक भरवशाचे असतात. नकाशाच्या मध्यबिंदूपासून जहाज शंभर किलोमीटर दूर गेलं, की आठ मिलिमीटरपेक्षा बारीक हालचाल त्या आकड्यांत मावत नाही. मग जहाज सरकत नाही, टुणटुण उड्या मारतं. यावर उपाय आहेत आणि ते माहीतही आहेत. पण तारीख ठरलेली असते, पैसे संपत आलेले असतात, आणि अशा चुका 'पुढच्या आवृत्तीत' जातात. या धंद्यात मी बारा वर्षं आहे, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे.

त्याच संध्याकाळी हॉटेलवर बसून मी नोंद क्रमांक नऊकडे वळले. माझ्या लॅपटॉपवर तोच गेम सुरू केला, तोच धक्का निवडला, आणि सर्वांत छोटी बोट अगदी मुंगीच्या पावलांनी पुढे नेली. धक्का अजून दीड-दोन मीटर दूर दिसत असतानाच संदेश आला, जहाज आदळलं. शेजारच्या धक्क्याला तीच बोट बिनतक्रार लागली. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. डोळ्यांना दिसणारा धक्का एक असतो, आणि टक्कर मोजण्यासाठी गेमच्या पोटात ठेवलेला न दिसणारा ठोकळा दुसरा. या धक्क्याचा ठोकळा कोणीतरी जरा पुढे आणून ठेवला होता. मामा सातही वेळा एका अदृश्य भिंतीला लागला होता.

मी लगेच फोन केला नाही. गोव्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शिवाय नोंद क्रमांक अकरा आणि चौदा अजून बघायच्या होत्या, आणि त्या शहरात दिसणाऱ्या नव्हत्या.

अकरावी नोंद 'पाण्याची ओढ' या रकान्यात होती : 'अरुंद पाण्यात जहाज काठाजवळून नेलं की मागचा भाग काठाकडे खेचला जातो, नाळ मधे वळते. हे गेमने बरोबर केलंय. पोरं उगाच ओरडतात.' काठ आणि जहाज यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाजाचा मागचा भाग तिकडे ओढला जातो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' आठवतंय ना? तेव्हा जोराच्या वाऱ्याबरोबर काठाच्या या ओढीचीही तज्ज्ञांमध्ये बरीच चर्चा झाली. ते जहाज निघालं होतं रॉटरडॅमलाच. सहा दिवसांनी सुटलं, पुढे नुकसानभरपाईच्या वादात इजिप्तमध्ये थांबलं, आणि अखेर जुलैच्या शेवटी इथे पोचलं. मामाने ती बातमी टीव्हीवर पाहून तेव्हाच सांगितलं होतं, "काठाने ओढलं असणार." आम्ही सगळे हसलो होतो.

दुसऱ्या शनिवारी मेट्रोच्या बी मार्गाने पश्चिमेला निघाले. ही गाडी शहरातून निघून नदीकाठाने थेट हूक फान हॉलंड या समुद्रकाठच्या गावी जाते. तिथे इंग्लंडला जाणाऱ्या मोठ्या फेरी लागतात. बंदराच्या स्टेशनवर उतरून मी नदीच्या वरच्या अंगाला पाऊण-एक तास चालत गेले. वारा असा की चालताना पुढे झुकावं लागत होतं. इथली नदी खरं म्हणजे नदी नाही. रॉटरडॅमला समुद्राची वाट गाळाने बुजत चालली, म्हणून पीटर कालांत या अभियंत्याच्या योजनेनुसार हा जलमार्ग खोदला गेला आणि १८७२ मध्ये खुला झाला.

याच जलमार्गावर मासलांतकेरिंग आहे. केरिंग म्हणजे पाणी थोपवणारा बांध. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी वादळाने हॉलंडच्या नैर्ऋत्य भागात घुसलं आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर देशाने बांधांची जी प्रचंड मालिका उभारली, तिच्यातला हा शेवटचा मोठा दुवा, १९९७ मध्ये पूर्ण झालेला. जलमार्ग ३६० मीटर रुंद. दोन्ही काठांवर एकेक कमानदार दरवाजा, प्रत्येकी २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, एरवी काठावरच्या कोरड्या गोदीत विसावलेला. प्रत्येक दरवाजाची दांडी दहा मीटर व्यासाच्या पोलादी गोळ्याभोवती फिरते. आपला खांदा फिरतो तशी. गोदीत पाणी सोडलं की पोकळ दरवाजा तरंगतो, त्याला मध्यापर्यंत ढकलतात, मग त्यात पाणी भरून तळाशी बसवतात. हे सगळं व्हायला दोन-अडीच तास लागतात.

पण मी ज्यासाठी गेले होते ती गोष्ट वेगळीच. हे दरवाजे बंद करायचे की नाही, ते माणूस ठरवत नाही. हवामान, समुद्र आणि नदीची पातळी यांवरून संगणक ठरवतो. रॉटरडॅमला पाणी प्रमाण पातळीच्या तीन मीटर वर जाईल असा अंदाज आला की बंद. माणसं हजर असतात, पण लक्ष ठेवायला. वादळी रात्री दमलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातून चूक व्हायची शक्यता जास्त, असा विचार त्यामागे आहे. त्यामुळे तो प्रोग्राम लिहिताना नुसत्या चाचण्यांवर विसंबून चालणार नव्हतं. त्याची वागणूक आधी गणिताच्या भाषेत मांडली गेली आणि तिचे महत्त्वाचे भाग 'स्पिन' नावाच्या साधनाने तपासले गेले, म्हणजे एकामागून एक शक्य त्या सगळ्या अवस्था धुंडाळून. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास दरवाजे एकदा बंद करून पाहतात आणि लोक ते बघायला काठावर गर्दी करतात. २१ डिसेंबर २०२३ ला, बांधल्यापासून छब्बीस वर्षांनी, चढणारं पाणी ओळखून संगणकाने पहिल्यांदाच स्वतःहून दरवाजे लावले.

काठावरच्या केरिंगहाउस या माहितीकेंद्रातून बाहेर येऊन मी त्या पांढऱ्या दांड्याखाली बराच वेळ उभी होते. एकाच नदीसाठी लिहिलेले दोन प्रोग्राम. एकात जहाज पुलातून आरपार जातं, दुसऱ्याच्या भरवशावर दहा लाखांहून जास्त माणसं रात्री झोपतात. माझ्या क्षेत्राला नीट काम करता येत नाही असं नाही. कुठे नीट करायचं ते आम्ही ठरवतो, आणि मामासारख्या माणसाचा खेळ त्या यादीत फार खाली असतो.

राहिली होती नोंद क्रमांक चौदा : 'जहाज गेलं तरी काठचं पाणी उतरत नाही.' ही मला कळलीच नव्हती. काठाच्या दगडांवर बसून मामाला व्हिडिओ कॉल लावला. आधी नवव्या नोंदीबद्दल सांगितलं. न दिसणारा ठोकळा, दहापैकी दहा वेळा. तो काही बोलला नाही. मामी मागून म्हणाली, "ऐकलंस? धक्काच पुढे होता म्हणे."

तेवढ्यात एक मालवाहू जहाज समुद्राकडे निघालं. मी कॅमेरा जहाजाकडे धरला. मामा ओरडला, "जहाज नको दाखवू, दगड दाखव, दगड!" मी फोन खाली वळवला. लाट यायची वाट बघत होते, आणि झालं उलटंच. दगडांवरचं पाणी गुपचूप खाली उतरलं. हातभर ओला, शेवाळलेला दगड उघडा पडला. काही क्षण तसंच, आणि मग पाणी धावत परत आलं. "बघ, उतरलं," मामा म्हणाला. जाणारं जहाज काठचं पाणी आधी आपल्याकडे ओढून घेतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात समोरची बार्ज वळणामागे असली, तरी काठच्या मुळांवरून पाणी उतरताना पाहून ती येतेय हे त्यांना कळायचं. मग तो वीस मिनिटं बोलत होता. कालव्याबद्दल, धुक्याबद्दल, पावसाळी रात्रींबद्दल. आमच्या घरात कोणी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर एक दिवस हूक फान हॉलंडसाठी ठेवा. मेट्रोची शेवटची दोन स्टेशनं, हूक फान हॉलंड हावन आणि स्ट्रांड, पैकी पहिल्यावर उतरलात तर जहाजं, दुसऱ्यावर उतरलात तर समुद्राची वाळू. कान झाकणारी टोपी न्या. आणि जहाज गेलं की त्याच्याकडे न बघता पायाजवळच्या दगडांकडे बघा. गोव्यात असाल तर इतकं लांब जायलाही नको. कुंभारजुव्याच्या काठी एखाद्या संध्याकाळी जा, जमलं तर घरातल्या जाणत्या माणसाला घेऊन.

परत आल्यावर मामाच्या तेवीस नोंदी मी इंग्रजीत लिहून, त्याच्याच पद्धतीने तारीख-वेळेसकट, गेम बनवणाऱ्यांना पाठवल्या. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली. लॅपटॉप कपाटातून बाहेर आलाय. मामा आता प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवतो. परवा घरी गेले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. नववी नोंद 'यंत्राची खोड' या रकान्यात गेली होती आणि तिच्यापुढे तारीख टाकून लिहिलं होतं, 'धक्का दुरुस्त. भरती अजून नाही.'